नवा बास्केटबॉल कोच नेमताना : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

परीक्षा संपत आल्या की महाविद्यालयांच्या जिमखान्यात पुढच्या वर्षाची चर्चा सुरू होते. या खेपेला सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी बरीच एकाच विषयावरची निघाली : बास्केटबॉलचा जुना कोच गेला, आता नवा कसा निवडायचा आणि आल्यावर पुढे काय. त्यातली निवडक पत्रं थोडी आवरून इथे घेतली आहेत.

आमच्याकडे कोचच्या जागेसाठी तीन अर्ज आले आहेत. एक राज्यपातळीवर खेळलेला, पण प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र नाही. दुसऱ्याने ‘एन.आय.एस.’ केलंय, पण खेळल्याचा पुरावा फारसा नाही. तिसरा बी.पी.एड. झालेला, शाळेत शिकवतो. कोणाला घ्यावं?
— क्रीडा समिती सदस्य, सोलापूर

नुसत्या कागदावरून ‘हाच घ्या’ असं सांगता येणार नाही. पण कागद नीट वाचले तर निम्मी चाळणी तिथेच होते.

‘एन.आय.एस. केलंय’ म्हणजे नक्की काय केलंय, ते आधी विचारा. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षणाची पदविका वेगळी आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम वेगळा. बोलताना दोन्हीला एन.आय.एस.च म्हणतात. सहा आठवडेवाला कमी दर्जाचा असतो असं नाही, पण पदविकेएवढं शिकून आलाय असं धरून चालू नका. प्रमाणपत्रावर खेळाचं नाव बास्केटबॉल आहे ना, तेही पाहा. ‘राज्यपातळीवर खेळलो’ याचेही दोन अर्थ निघतात. जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या संघातून राज्य स्पर्धेत उतरणं एक, आणि राज्याच्या संघात निवड होऊन राष्ट्रीय स्पर्धा खेळणं दुसरं. मूळ प्रमाणपत्रं मागवा, झेरॉक्सवर भागवू नका.

आणखी एक घोळ नेहमी होतो. शारीरिक शिक्षण संचालकाचं पद आणि कोचचं काम यांची सरमिसळ केली जाते. संचालकाचं पद विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत बसतं. त्याला शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी, नेट-सेट किंवा पीएच.डी. लागते. कोच बहुतेक ठिकाणी मानधनावर, ठरावीक तासांसाठी असतो. कोचच्या जाहिरातीत संचालकाची पात्रता टाकली की चांगले कोच अर्जच करत नाहीत, आणि कोचकडूनच प्रवेशिका, पात्रता अर्ज, बिलं असलं संचालकाचं काम करून घेतलं की मैदान रिकामं राहतं.

आता खरी परीक्षा. तिघांनाही तुमच्याच कोर्टवर, तुमच्याच मुलांचा प्रत्येकी ७५ मिनिटांचा सराव घ्यायला लावा. एका दिवसात एकच उमेदवार, मुलं तीच, वेळ तीच. आदल्या दिवशी त्याला एवढंच कळवा : १२ खेळाडू, ६ बॉल, दोन रिंग. मुलाखत त्यानंतर.

बघणाऱ्याने वही घेऊन बसावं आणि संघातल्या सगळ्यात कच्च्या मुलावर नजर ठेवावी. चांगला खेळाडू कुणाच्याही हाताखाली चांगलाच दिसतो. त्या कच्च्या मुलाच्या हातात ७५ मिनिटांत बॉल किती वेळा आला, रिंगवर किती शॉट गेले, ते मोजा. हिशेब साधा आहे. १२ जणांची एकच रांग लावून ले-अप (धावत रिंगजवळ जाऊन मारायचा शॉट) सुरू केले, एकाला ५ सेकंद लागतात असं धरलं, तर प्रत्येकाची पाळी मिनिटाने येते. दहा मिनिटांत दहा ले-अप. दोन्ही रिंग वापरल्या की वीस. रांगेबाहेर राहिलेल्या बॉलवर कोपऱ्यात ड्रिबलिंग चालू ठेवलं तर कोणी उभाच राहत नाही. समोर सहा बॉल असून ज्याने चार कडेला पडू दिले, त्याच्या सरावात वर्षभर मुलं उभीच राहणार.

दुसरं बघायचं ते त्याचं डिफेन्स शिकवणं. ‘शेल ड्रिल’ घ्यायला सांगा : चार जण बाहेरच्या बाजूला बॉल फिरवतात, चौघे त्यांना अडवतात. बॉलवाल्यासमोरचा डिफेंडर एका हाताच्या अंतरावर हवा, एक पास लांब असलेला पासच्या वाटेत हात घालून हवा, आणि दोन पास लांब असलेल्याने रिंगकडे सरकून एक पाय रंगवलेल्या पट्ट्यात ठेवायला हवा. पास झाला की चौघांनी बॉल हवेत असतानाच हलायचं, बॉल पोचल्यावर नाही. उमेदवाराची नजर कुठे जाते ते पाहा. ती बॉलमागेच धावत असेल तर तो प्रेक्षक आहे. बॉलपासून सगळ्यात लांबच्या पोराला जो आधी हाक मारतो, त्याच्यापुढे खूण करा.

बोलणंही मोजा. चुकीगणिक शिट्टी मारून सगळ्यांना थांबवून पाच मिनिटं भाषण देणारा माणूस ज्ञानी वाटतो, पण मुलं थंड पडतात. एका वेळी एकच चूक सांगून खेळ पुन्हा सुरू करणारा बरा. आल्या आल्या कोर्टवरची रेती कोणाला तरी झाडायला लावली का, खांबाच्या गाद्या बघितल्या का, पाण्यासाठी थांबला का, हेही टिपा. आणि सोलापुरात आहोत तर हेही : मुलं आपापसात तेलुगू, कन्नड, दखनी बोलतात. कोचला या भाषा आल्याच पाहिजेत असं नाही, पण न कळल्याचा राग त्याने मुलांवर काढता कामा नये.

मुलाखतीत एक कागद पुढे ठेवा. चौथा क्वार्टर, दीड मिनिट बाकी, आपण ५ गुणांनी मागे, समोरच्या संघाचे ४ फाऊल झालेत, आपल्याकडे दोन टाइम-आऊट आहेत, बॉल आपल्या अर्ध्यात आपला. काय कराल? ‘लगेच तीनचा शॉट’ म्हणणारा घाईचा. समोरच्यांचा पुढचा फाऊल पाचवा, म्हणजे आपल्याला दोन फ्री थ्रो. त्यामुळे बॉल आत नेऊन फाऊल काढणं शहाणपणाचं, शिवाय घड्याळही थांबतं. शेवटच्या दोन मिनिटांत टाइम-आऊट घेतला तर बॉल पुढच्या अर्ध्यातून आत टाकण्याची मुभा मिळते, पण शॉट क्लॉक, म्हणजे शॉट घ्यायला मिळणारे सेकंद, २४ वरून १४ वर येतं, हे त्याने न विचारता सांगितलं तर तो नियम वाचून आलाय असं समजा.

एवढं झाल्यावर तिघांतला कोण, हा प्रश्न बहुधा उरत नाही. बरोबरीत आलेच, तर जो आठवड्याचे सगळे दिवस येऊ शकतो तो घ्या. फक्त शनिवार-रविवार पुण्याहून येणारा कोच कितीही मोठा असला तरी सोमवार ते शुक्रवार मुलं वाऱ्यावरच.

कोचशी करार करायचा तर त्यात काय लिहावं? आतापर्यंत सगळं तोंडी चालायचं.
— कार्यालयीन अधीक्षक, पंढरपूर

तोंडी चालतं ते भांडण होईपर्यंत. दोन पानांचा करार पुरतो, पण त्यात आकडे हवेत.

तास : आठवड्याला ५ दिवस, रोज २ तास म्हणजे महिन्याला साधारण ४० तास. हे मुलं आणि मुली दोन्ही संघ मिळून की वेगवेगळे, ते स्पष्ट लिहा; सगळ्यात जास्त वाद इथेच होतो. दोन संघांना २ तासांत बसवायचं म्हणजे प्रत्येकाला एकच तास, आणि तासाभरात वॉर्मअप वजा जाता हातात ४५ मिनिटं उरतात.

मानधन महिन्याचं ठरवा, किती महिन्यांचं तेही लिहा, आणि परीक्षेच्या काळात सराव बंद असताना मिळणार की नाही तेही. दर तासाला पैसे ठरवले की पाऊस आला, कोर्ट ओलं, सराव रद्द, पैसे बुडाले. मग कोच दुसरीकडे खासगी शिकवण्या शोधतो. त्यात त्याचा काय दोष? स्पर्धेला गेल्यावर प्रवास, मुक्काम, जेवण यांचा भत्ता वेगळा ठेवा आणि निघण्याआधी आगाऊ द्या.

संघ कोण निवडणार, हे एका वाक्यात लिहा : निवड कोचची, पात्रता तपासणी संचालकाची. संस्थेच्या कोणाचा पुतण्या बारावा खेळाडू म्हणून घुसवायचा नसेल तर हे वाक्य कोचला सगळ्यात मोठा आधार आहे. कोचची स्वतःची अकादमी असेल तर महाविद्यालयाच्या खेळाडूला तिथे फी भरून यायची सक्ती नाही, अशी ओळ घाला. दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस ठेवा. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला रुजू होण्याआधी घ्या, नंतर देतो म्हणणाऱ्याचा राहूनच जातो.

मुदत किमान दोन वर्षं ठेवा, मध्ये एक आढावा घ्या. आढाव्यात फक्त जिंकलेले सामने मोजले तर कोच दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या तयार मुलांवरच डाव लावेल आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना हातही लावणार नाही. हजेरी, फ्री थ्रोची टक्केवारी आणि एका सामन्यात किती वेळा बॉल गमावला, एवढं टिपून ठेवलं तरी चित्र कळतं.

अमेरिकेत कॉलेजचा कोच बदलला की बातम्याच बातम्या. तिथे दोन वर्षांत निकाल नाही तर काढतात म्हणे. आपल्याकडेही तसंच कडक धोरण का नको?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, जुळे सोलापूर

तिथल्या मोठ्या विद्यापीठांत बास्केटबॉल हा धंदा आहे. तिकिटं, दूरचित्रवाणीचे करार, देणगीदार. मार्च-एप्रिलमध्ये राष्ट्रीय स्पर्धा संपत आली की ॲथलेटिक डायरेक्टर (विद्यापीठाचे क्रीडाप्रमुख) कोच बदलतात, करार कित्येक वर्षांचे असतात, आणि मुदतीआधी काढलं तर भरपाई मोजावी लागते. २०१८ च्या ऑक्टोबरपासून तिथे ‘ट्रान्सफर पोर्टल’ आहे. कोच गेला की खेळाडूही त्यात नाव टाकून दुसरं विद्यापीठ शोधतात. म्हणजे नव्या कोचचं पहिलं काम डावपेच नव्हे, आहेत ती मुलं टिकवणं. आपल्याकडे कोच बदलला म्हणून कोणी मायग्रेशन काढत नाही. मुलं तीच राहतात, फक्त सकाळी सहाला यायची बंद होतात.

आणि दोन वर्षांत काढण्याचं धोरण तिथेही सगळीकडे फळलेलं नाही. माइक शेशेव्हस्की १९८० मध्ये ड्यूक विद्यापीठात कोच म्हणून आले. पहिल्या तीन मोसमांत ३८ विजय, ४७ पराभव. काढा म्हणून ओरड झाली, पण ॲथलेटिक डायरेक्टर टॉम बटर्स यांनी उलट करार वाढवून दिला. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं १९९१ मध्ये, आणि २०२२ ला निवृत्त होईपर्यंत पाच झाली. यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाचे जॉन वुडन १९४८ मध्ये रुजू झाले, पहिलं विजेतेपद १९६४ चं. मग मात्र १९७५ पर्यंत बारा वर्षांत दहा. गमतीची गोष्ट म्हणजे ज्यांनी हा खेळच शोधला ते जेम्स नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठाचे पहिले कोच होते आणि त्यांचा हिशेब ५५ विजय, ६० पराभव असा तोट्यातला आहे.

अमेरिकेकडून घ्यायचंच तर ड्यूकची दुसरी गोष्ट घ्या. शेशेव्हस्की जाणार हे २०२१ च्या जूनमध्येच जाहीर झालं, त्याच वेळी जॉन शेयर यांचं नाव ठरलं, आणि त्यांनी एक मोसम जुन्या कोचच्या शेजारी बसून काढला. आपल्याला वर्षभर परवडणार नाही, पण जुना कोच सन्मानाने निघत असेल तर त्याला पंधरा दिवस नव्याबरोबर कोर्टवर थांबवणं फुकट आहे. कोणाच्या गुडघ्याचं दुखणं जुनं, कोण पहाटेची शिफ्ट करून येतो, कोणाच्या घरी खेळाला विरोध, हे कुठल्याही नोंदवहीत सापडत नाही.

नवा कोच येताच म्हणतो, कोर्ट दुरुस्त करा. खर्च केवढा! हे खरंच गरजेचं आहे का?
— संस्थाचालक, बार्शी

सगळं कोर्ट उखडायचं की नाही ते नंतर. आधी मोजपट्टी घेऊन जा. रिंगची उंची जमिनीपासून ३.०५ मीटर हवी, पुढच्या कडेलाही आणि बोर्डाजवळही. मुलं रिंगला लोंबकळतात, पुढची कडा वाकते, शॉट पुढे घसरतात. वेल्डर बोलावून अर्ध्या दिवसात सुटणारं काम आहे हे. मग आखणी बघा. फ्री थ्रोचा पट्टा खाली पसरट, फरशीच्या तुकड्यासारखा तिरपा दिसत असेल आणि तीन गुणांची कमान ६.२५ मीटरवर असेल, तर ती २०१० च्या आधीची आखणी आहे. आता पट्टा आयताकृती, ४.९ मीटर रुंद, आणि कमान रिंगच्या मध्यापासून ६.७५ मीटर. जुन्या कमानीवर वर्षभर सराव केलेला मुलगा बाहेर गेला की त्याचा शॉट अर्धा मीटर आखूड पडतो आणि रिंगच्या तोंडावर आपटतो. लोक म्हणतात, पोरगं दडपणाखाली आलं. रंगाचा डबा आणि दोरी एवढाच खर्च आहे.

भेगांचं दुखणं मात्र खोल आहे, कारण खाली काळी माती. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, वरचा काँक्रीट तडकतो. वरवर सिमेंट लिंपून ते थांबत नाही. नवं कोर्ट करायचं असेल तर अभियंत्याला जमीन दाखवून काळी माती काढावी लागते, मुरूम थराथराने पाणी मारून रोलरने दाबावा लागतो, त्यावर सोलिंग, मग काँक्रीट तुकड्यातुकड्यांत, मध्ये सांधे सोडून. पाणी निघून जायला १०० ला १ असा उतार, तोही रुंदीच्या दिशेने. लांबीत उतार दिला तर एक संघ चढावर खेळतो. २८ बाय १५ मीटरच्या बाहेर चारही बाजूंना २ मीटर मोकळी जागा आणि खांबांना गाद्या. पैसे नसतील तर या वर्षी गाद्या, आखणी, रिंग आणि जाळी करा. कोचने याहून जास्त पहिल्याच महिन्यात मागितलं तर थांबायला सांगा.

माझा मुलगा दुसऱ्या वर्षाला आहे. जुन्या कोचच्या वेळी तो पहिल्या पाचात असायचा. नव्याने त्याला बेंचवर बसवलंय आणि वर त्याचा शॉटच बदलायला घेतलाय. आम्ही बोलावं का?
— पालक, अशोक चौक परिसर

बेंचबद्दल बोलू नका, शॉटबद्दल विचारा.

लहानपणी सातव्या-आठव्या वर्षी मोठा बॉल आणि मोठ्यांच्या उंचीची रिंग मिळाली की पोर छातीपासून, दोन्ही हातांनी, अख्ख्या अंगाचा जोर लावून बॉल ढकलतं. तीच सवय हाडात बसते. असा शॉट मोकळा असताना पडतो, पण समोर हात आला की अडतो, आणि कमान चपटी असल्यामुळे रिंगच्या तोंडातून आत जायला जागाच कमी मिळते. कोच बदलतोय तो बहुधा हाच शॉट, आणि दुसऱ्या वर्षी बदलला नाही तर पुढे बदलणार नाही.

पण बदलण्याची रीत बरोबर आहे का, ते बघा. सुरुवात रिंगपासून दीड-दोन मीटरवरून, एका हाताने. कोपर रिंगच्या रेषेत, बॉल बोटांवर, तळव्याला टेकलेला नाही, सुटताना मनगट खाली वळलेलं. आठ-दहा दिवस दुसरा हात लावायचाच नाही. लावला की त्याचा अंगठा बॉलला बाजूने ढकलतो आणि बॉल आडवा फिरत जातो. रोज अशा जवळच्या ५० बास्केट, प्रयत्न नव्हे, पडलेल्या. मग एक-एक पाऊल मागे. फ्री थ्रोच्या रेषेपर्यंत पोचायला सहा ते आठ आठवडे सहज जातात. या काळात सामन्यातली टक्केवारी पडणारच, आणि म्हणूनच कदाचित तो बेंचवर आहे. कोचने जून-जुलैत हे सुरू केलं असेल तर ठीक. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला तीन आठवडे उरले असताना सुरू केलं असेल तर मात्र संचालकांमार्फत विचारा की, मोसम संपेपर्यंत थांबता येईल का.

आम्हा मुलींना सरावाला उरलेला वेळ मिळतो. मुलांचं झाल्यावर, अंधार पडता पडता. नवे सर आलेत, त्यांच्याशी कसं बोलावं? तुम्ही म्हणाल तक्रारखोर आहेत.
— कर्णधार, मुलींचा संघ

नाही म्हणणार. पण सरांशी बोलण्याआधी संचालकांना लेखी द्या, कारण वेळापत्रक कोचच्या एकट्याच्या हातात नसतं. मागणी नेमकी ठेवा : आठवड्यातले तीन दिवस मुली आधी, तीन दिवस मुलं आधी. मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून येणाऱ्या मुलींच्या परतीच्या एस.टी.च्या वेळा अर्जात लिहून द्या. ‘उशीर होतो’ यापेक्षा गाडीची वेळ लिहिलेली असली की नाही म्हणणं अवघड जातं.

बॉल तुमचा वेगळा मागा. मुलांना ७ नंबर, मुलींना ६ नंबर. ६ चा बॉल घेराने आणि वजनाने लहान असतो. मुलांच्या बॉलवर सराव करून स्पर्धेत ६ चा हातात आला की पहिले पाच-सहा शॉट बोर्डाच्या वर जातात.

गुडघ्याचं वेगळं सांगायला हवं. उडी मारून उतरताना गुडघा आत वळला तर सांध्याच्या मधला अस्थिबंध (ए.सी.एल.) तुटू शकतो, आणि ही दुखापत मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त होते. रोज वॉर्मअपमध्ये दहा मिनिटं उतरण्याचा सराव घ्यायला सरांना सांगा : दोन पायांवर, गुडघे वाकवून, पायाच्या बोटांच्या रेषेत, आवाज न करता, मग एका पायावर. पाळीच्या दिवसांत खेळायचं की नाही ते मुलीने ठरवावं, कोचने कारण विचारत बसू नये.

बाकी नियम सरांसाठी आणि तुमच्यासाठीही सोयीचे. निरोपाच्या गटात संचालक किंवा एखाद्या प्राध्यापिका असाव्यात, वैयक्तिक संदेश नकोत. शरीराची ठेवण दुरुस्त करायची तर सरांनी स्वतः करून दाखवावं, हात लावण्याची वेळ आलीच तर विचारून. बाहेरगावी महिला व्यवस्थापक असल्याशिवाय संघ निघू नये. काही वावगं घडलं तर महाविद्यालयात अंतर्गत समिती असते, ती २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. आणि अकरावी-बारावीची मुलगी अठराच्या आतली असेल तर २०१२ चा पॉक्सो, म्हणजे बाललैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदाही लागतो. हे नव्या कोचला रुजू होतानाच सांगितलेलं असावं.

जूनमध्ये नवा कोच येतोय. स्पर्धेपर्यंत सराव कसा आखायला सांगू?
— शारीरिक शिक्षण संचालक, सोलापूर

त्याला आखू द्या, पण तीन गोष्टी आधी हातात ठेवा : सत्र परीक्षांच्या तारखा, स्पर्धेची संभाव्य तारीख, आणि कोणता खेळाडू कुठून, किती वाजता येतो त्याची यादी. यंत्रमागावर किंवा एम.आय.डी.सी.त रात्रपाळी करून येणाऱ्या मुलाला पहाटे सहाला पळवलं तर पंधरवड्यात तो येणं बंद करेल. त्याच्यासाठी आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळचे ठेवा.

पहिले तीन आठवडे बॉल फार कमी लांब जावा. दोन पायांवर थांबणं, पिव्हट (एक पाय रोवून वळणं), डाव्या हाताचा ड्रिबल, डावा ले-अप, बॉक्स-आऊट (रिंगवरून परतणाऱ्या बॉलसाठी समोरच्याला पाठीमागे अडवणं). आपल्याकडे मुलं डावीकडून आत शिरतात आणि ले-अप उजव्याच हाताने मारतात. समोर थोडा उंच डिफेंडर आला की बॉल त्याच्या हातात. चौथ्या आठवड्यापासून शेल ड्रिल आणि तीन-तीन जणांचा खेळ. दोन आक्रमणं, झोनविरुद्ध (डिफेंडर माणसाऐवजी आपापली जागा राखतात तेव्हा) एक, बॉल आत टाकण्याच्या दोन-तीन चाली, यापेक्षा जास्त शिकवू देऊ नका.

प्रेस, म्हणजे समोरच्यांनी कोर्टभर अंगावर येऊन अडवणं, मोडण्याचा सराव मात्र रोज हवा. ८ सेकंदांत बॉल मध्यरेषेपार न्यायचा असतो, आणि सोलापुरातून पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत गेलेला संघ पहिल्यांदा इथेच सापडतो. सहा जणांविरुद्ध पाच असं खेळवा. सहावा डिफेंडर असला की पास आधी बघायची सवय लागते.

२-३ झोनच्या मोहाबद्दल एक शब्द. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत समोरच्यांना लांबून शॉट येत नाही, म्हणून झोन लावला की जिंकता येतं. कोचही खूश, तुम्हीही. पुढच्या पातळीवर दोन चांगले शूटर आले की तोच झोन उघडा पडतो आणि मुलांना मॅन-टू-मॅन, म्हणजे एकाने एकाला अडवणं, येतच नसतं. जुलै-ऑगस्टात झोनला बंदीच घाला.

उन्हाचं : सुट्टीतलं शिबिर घ्यायचं तर सकाळी ६ ते ८ किंवा संध्याकाळी ऊन उतरल्यावर. दर १५-२० मिनिटांनी १५० ते २०० मिली पाणी, घाम फार गेला असेल तर ओ.आर.एस., एक पाकीट एक लिटरमध्ये, अर्ध्या बाटलीत नव्हे. सरावाआधी-नंतर वजन करा. ६० किलोच्या मुलाचं १.२ किलोहून जास्त घटलं असेल तर तो पाणी पित नाहीये. शहरात नळ रोज येत नाही, तेव्हा मैदानावरचा जार आदल्या संध्याकाळी भरून ठेवणं ही शिपायाची जबाबदारी म्हणून लिहूनच द्या.

आमचे क्रीडा संचालक बेंचवर ‘कोच’ म्हणून बसतात आणि खरा कोच प्रेक्षकांतून ओरडतो. गेल्या स्पर्धेत टाइम-आऊट मागायला कोणीच उठलं नाही. नियम काय?
— खेळाडू, सोलापूर

फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनुसार टाइम-आऊट मागू शकतो तो फक्त नोंदपत्रकावरचा मुख्य कोच किंवा पहिला सहायक कोच. खेळाडूने हात वर करून काही होत नाही आणि प्रेक्षकांतून तर नाहीच. पहिल्या अर्ध्यात दोन, दुसऱ्या अर्ध्यात तीन मिळतात, त्यातले शेवटच्या दोन मिनिटांसाठी जास्तीत जास्त दोनच. जादा डावाला एक-एक. न वापरलेले पुढे जात नाहीत. दोघांपैकी एका वेळी एकानेच उभं राहायचं. मुख्य कोचच्या स्वतःच्या वागण्यावरून दोन टेक्निकल फाऊल झाले की त्याला हॉलबाहेर जावं लागतं, तेव्हा चिडखोर माणसाचं नाव मुख्य म्हणून देताना विचार करा.

उपाय सोपा आहे. सामन्याच्या किमान ४० मिनिटं आधी खेळाडू, मुख्य कोच आणि पहिला सहायक यांची नावं गुणलेखकाकडे द्यायची असतात. तिथे मुख्य म्हणून नव्या कोचचं, सहायक म्हणून संचालकांचं नाव जाऊ द्या. १० मिनिटं आधी मुख्य कोचने यादी तपासून, पहिले पाच खेळाडू सांगून सही करायची असते. त्या वेळी बनियनचे क्रमांक यादीशी ताडून पाहायला विसरू नका.